पूर्वेच्या बोगद्यातील सात जण

वर्धा नदीच्या काठी, कोळशाच्या खाणीला लागून नांदगुडा हे गाव. रेवाजी महाराज तेव्हा तेथे मारुतीच्या पारावर मुक्कामाला होते. खाणीत छताला लाकडी टेकू लावणारा चिंधू आत्राम कामावर जाण्याआधी रोज त्यांच्या पायांवर डोके ठेवी. खाणीचे ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, वामनराव देऊळकर यांना त्याचे हसू येई.

एका सकाळी चिंधू त्यांना म्हणाला, "साहेब, पूर्वेच्या बोगद्यात भिंतीले घाम सुटला. मांगं जुन्या खाणीचं पानी हाय. मानसं नका धाडू."

"तुझ्या महाराजांनी सांगितलं वाटतं?" वामनराव चारचौघांत म्हणाले. "मग त्यांनाच सांग, पाणी धरून ठेवा."

सगळे हसले. चिंधू मान खाली घालून सहा सोबत्यांबरोबर खाली उतरला.

दुपारी भिंत फुटली. इतर कामगार धावत वर आले. ते सात जण आले नाहीत. पूर्वेचा बोगदा धोक्याचा म्हणून वरिष्ठांनी बंद ठेवला होता. तेथे आपण माणसे पाठवली, हे कबूल करायची वामनरावांना लाज वाटली. मॅनेजरांनी विचारताच ते म्हणाले, "पश्चिमेला होते." जमिनीला भोक पाडायचे यंत्र पश्चिमेला उभे राहिले. चिंधूची बायको सोमाबाई तिथेच मातीत बसून होती. तिने वामनरावांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आले. यंत्राकडे न पाहता ते पूर्वेच्या तुरीच्या शेतात गेले, सगळे त्यांच्या मागोमाग. तिथे काठी रोवून ते म्हणाले, "इथे भोक पाडा. सातही जण जिवंत आहेत."

"इकडे आमचं कोणी कामालाच नव्हतं," मॅनेजर म्हणाले.

महाराज वामनरावांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "देऊळकर, तुम्ही सांगा."

सोमाबाई बघत होती. वामनराव म्हणाले, "महाराज म्हणतात ते खरं आहे. मी खोटं बोललो. मीच त्यांना इकडे पाठवलं."

कोणी शिवी दिली नाही. ते त्यांना अधिक लागले.

यंत्र हलवले. संध्याकाळी नळी खालच्या पोकळीत उतरली आणि कोणीतरी खालून ती दगडाने ठोकली. सात ठोके! त्या नळीतून दूध खाली गेले. भोक रुंद करायला आणखी दोन दिवस लागले. मग लोखंडी पिंजऱ्यातून एकेक जण वर आला. चिंधू सर्वांत शेवटी.

उजेडामुळे डोळे मिटूनच तो महाराजांना म्हणाला, "अंधारात तुमी कंदील घेऊन पुढं चालले, म्हून चढावरची कोरडी जागा सापडली."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. भिंत फुटली त्या दुपारी महाराज पारावर ध्यानाला बसले होते. साऱ्या गावाने पाहिले होते. उठले तेव्हा त्यांचे धोतर गुडघ्यापर्यंत भिजून काळे झाले होते, ते कसे हे मात्र कोणाला उमगले नव्हते.

वामनराव पुढे येऊन महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझं तुम्ही काही बिघडवलं नाही," महाराज म्हणाले. "ज्याचं ऐकलं नाही, तो तिथे बसला आहे."

वामनराव चिंधूसमोर गुडघ्यांवर बसले. कोळशाने माखलेल्या त्या पायांवर त्यांनी कपाळ टेकले.

"साहेब, नका," चिंधू ओशाळून पाय ओढू लागला. पण वामनरावांनी कितीतरी वेळ डोके वर उचलले नाही.