सभापतींच्या जीपचा लाल दिवा

बाजार समितीचे सभापती विश्वासराव घोगरे यांना वाईट बातमीपेक्षा ती सांगणाऱ्याचाच राग जास्त यायचा. त्यांच्या जुन्या जीपमध्ये इंजिनाचा लाल दिवा लागला. ऑइल वर चढत नाही, इंजिन जाम होईल, असं तीन मिस्त्रींनी सांगितलं. तिघांनाही त्यांनी अडाणी म्हणून हाकललं आणि ते शमीम आत्तार हिच्या गॅरेजात आले.

"माझ्या गाडीत दोष नाही, त्या दिव्यात आहे," ते चारचौघांसमोर गुरगुरले. "तो घालव. नाही जमलं, तर गाळा समितीचा आहे, उद्या रिकामा कर."

शमीमने डॅशबोर्ड उघडला, बल्ब काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "गेला, साहेब."

"बघा, याला म्हणतात कारागीर," सभापती लोकांना म्हणाले.

"आता घाट चढून या," शमीम म्हणाली.

सभापती जागचे हलले नाहीत. "आणि वाटेत इंजिन जाम झालं तर?"

"ते सांगणारा तुमच्या मुठीत आहे, साहेब. एवढ्या लोकांत तुम्हाला न घाबरणारा तो एकटाच होता."

सभापतींनी किल्ली तिच्या हातात दिली.