एका पंगतीच्या वशाची कहाणी

ऐक गं अन्नपूर्णे माते, तुझी कहाणी. आटपाट नगरात एक तांबटआळी होती. तिथं म्हाळसा नांदत होती. घरी नवरा भिवा तांबट, सासू आणि नुकतं मिसरूड फुटलेला लेक, नारो.

नारोला अफूची चटक लागली. हातात हातोडा ठरेना, तोंडाला अन्न गोड लागेना. बाप मारी. आजी झाकी, म्हणे, "पोर दमलंय." म्हाळसा कुणाला न सांगता उपास धरी. बापानं मारलं, गुण आला नाही. आजीनं झाकलं, गुण आला नाही. आईनं उपास केले, गुण आला नाही.

मग म्हाळसा वैदीणबाईकडं गेली. पाय धरले. "बाई, माझ्या लेकाला औषध द्या."

"देईन. पण दुखणं एकाचं, पथ्य घराचं. सगळ्यांना घेऊन ये."

सगळी आली. वैदीणबाईनं औषध दिलं, अन्नपूर्णेचा वसा दिला. "दिवेलागणीला एका पंगतीत जेवावं. बापानं हात उचलू नये, आजीनं झाकू नये, आईनं एकटीनं सोसू नये. लेकानं खरं सांगावं. पोर घसरलं तरी वसा टाकू नये."

मग वसा मांडला. अफू तुटली, तसं नारोचं अंग मोडून आलं. त्यानं ताट भिरकावलं. भिवाचा हात वर गेला, तसाच खाली आला, लेकाच्या पाठीवरून फिरला. म्हाळसेनं पाहिलं, तिला भरून आलं.

हळूहळू नारो सावरला. मग जत्रेला गेला, जुने सोबती भेटले, डोळे चढवून घरी आला. भिवा म्हणाला, "बुडालं व्रत!" एरवी सासू म्हणाली असती, ऊन लागलंय. आता म्हणाली, "अफू खाऊन आलाय. नातू माझाच आहे. पान वाढा." नारो ढसाढसा रडला. "आजी, मला सोडू नका गं." कुणी सोडलं नाही. सकाळी चौघं पुन्हा वैदीणबाईच्या दारी गेली.

मग वर्ष पालटलं. नारो बापाच्या जोडीनं घागरी घडवू लागला. हळदीकुंकवाला बायका कुजबुजल्या, "हिचाच ना तो अफूबाज?" म्हाळसा ताठ मानेनं म्हणाली, "होय, माझाच. आजारी पडला होता. आम्ही सगळ्यांनी हात दिला, तो उठला." तशी एक बाई कोपऱ्यात रडू लागली. "म्हाळसाबाई, माझाही लेक..."

म्हाळसेनं घरी येऊन सांगितलं. कुणी काही बोलायच्या आधी नारो उठला. "आई, चल. त्याच्याशेजारी मी बसतो." भिवा उठला, सासूनं काठी घेतली. चौघं भर आळीतून निघाली. पुढं नारो. म्हाळसेला वाटलं, बघू दे आज सगळ्या आळीला, हा माझा लेक!

जशी अन्नपूर्णा म्हाळसेच्या घराला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, कुणाचं पोर एकटं न पडो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरी सांगितली, देवीच्या पायी सुफळ झाली.