मोजणीत न आलेलं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, आणि राजांहून मोठ्या त्यांच्या कचेऱ्या होत्या.

एका राज्यात कुठे काय पेरायचं आणि कुठे काय बांधायचं, हे सगळं राजधानीतली नियोजन कचेरी ठरवी. पावसात कागद भिजतात म्हणून जमिनीची मोजणी नेहमी चैत्रात होई. त्यामुळे कचेरीला राज्य ठाऊक होतं ते फक्त कोरडं.

एका चैत्रात एक मोजणीदार साखळी घेऊन आपल्या आजोळी गेला. गावालगत एक खोलगट माळ होता. तिथे कोणी नांगर घालत नसे की खोप बांधत नसे. श्रावणात तिथे गळ्याइतकं पाणी साचे. मोजणीदार लहानपणी त्यातच पोहायला शिकला होता.

त्याचा म्हातारा मामा म्हणाला, "भाच्या, ही जागा पाण्याची आहे. तेवढं लिही, बाबा."

त्याने नकाशाच्या कडेला तसं लिहिलं. कचेरीतल्या वरिष्ठांनी ते वाचून विचारलं, "आता आहे का तिथे पाणी?"

आता नव्हतं.

"मग जमीन पडीक आहे. सात गावांच्या बियाण्याचं कोठार तिथेच बांधू."

मोजणीदाराच्या तोंडाशी शब्द आले होते. पण त्याची बढती महिन्यावर आली होती. त्याने ते गिळले आणि ती ओळ आपल्या हाताने खोडली.

कोठार उभं राहिलं. त्या गावांत पीक रब्बीचंच; घरोघरच्या कणग्यांतलं ते बियाणं हुकमाने तिथे नेऊन ओतलं. श्रावणात पाणी आपल्या जागी आलं. बियाणं कोठारातच उगवलं आणि तिथेच कुजलं. त्या साली सात गावांत दुसरीकडे कुठे काही उगवलं नाही. लोक गावं सोडून पोटामागे निघून गेले.

चौकशी अर्थातच चैत्रात झाली. आलेला अधिकारी आपला मोजणीदारच होता, आता बढती मिळालेला. कोठार ठणठणीत कोरडं होतं. मामाच्या दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर गवत वाढलं होतं. तो त्या ओट्यावर बसून रडला. मग उठला, कारण नकाशा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. जिथे माणूस नाही ती जमीन पडीक, या नियमाप्रमाणे त्याने सगळ्या आजोळावर एकच शब्द लिहिला, 'पडीक'. या वेळी कचेरीत कोणी काही विचारलं नाही.

तात्पर्य: ठाऊक असलेलं खरं जो स्वतःच्या हाताने खोडतो, त्याच्यावर एक दिवस आपलीच माणसं खोडायची वेळ येते.