थरस्टनच्या धोंड्यावरचा पंजा

पोरीला हे नाव चालत न्हाई म्हनं! कुनी ठरवलं? माज्या पुतन्यानं, मायाप्पानं. आरं मायाप्पा, तुज्या आज्याचा आजा तरी जल्मला हुता का रं तवा? त्यो हितं न्हाई ते बरं हाय, न्हाईतर ह्याच धोंड्यावर त्येचं टकुरं... जाऊ द्या.

भाऊसाहेब, तुमी नवीन ग्रामसेवक. त्येनं तुमाला हापिसात च्या पाजला आन त्येची गोष्ट सांगितली. म्या तुमाला उन्हाचं टेकडी चढवून हितं आनलं. माज्याकडं च्या न्हाई. धोंडा हाय. आदी त्यो बगा.

दोन पुरुस उंच हाय. वरपास्नं खालपातूर सरळ चिरलाय, कुनी करवतीनं कापावा तसा. त्या चिरंतनं पानी पाझरतंय, दिसतंय न्हवं? वैशाखात हिरी आटत्यात, बोअर गुळण्या टाकत्यात, पर हितं मेंढरं पानी पित्यात. आन हितं बगा, छातीइतक्या उंचीवर, चिरंच्या कडंला. पंजा. पाच बोटं. त्येच्यावर मायाप्पानं तुमाला काय सांगितलं? शेंदूर फासायची जागा हाय म्हनून? सांगनारच. ह्यो पंजाच त्येला नडतोय.

ह्येला थरस्टनचा धोंडा म्हनत्यात. आमी कोळपे, धनगर. आमच्या भावकीत एक नाव चालत आलंय, थरस्टन. एका टायमाला एकच. त्यो मेला की नाव रिकामं हुतं, आन त्येच्या मागनं भावकीत पयलं जे मूल जल्मेल त्येला जातं. असं नाव आलं कुठनं, तर जुनी मानसं सांगत्यात ते असं.

गोऱ्या सायबाचं राज हुतं. एक सायब जमीन मोजायला आला. लोखंडी साखळी, लोखंडी काठी, संगट एक शिपाई. थरस्टन नाव त्येचं. वळवाचं आभाळ भरलं आन त्यो ह्या धोंड्याच्या आडोशाला बसला, साखळी मांडीवर घिऊन. तवा धोंडा आख्खा हुता, चिरबीर काय नव्हती. टेकडीवर मेंढरं घिऊन हौसा हुती, बिरू कोळप्याची थोरली बहीन. तिनं वरनं हाळी दिली, "सायबा, लोखंड टाक! ऊठ तितनं!"

सायबाला काय कळतंय? त्येनं टोपी काडून रामराम घातला.

मंग ती पळत खाली आली म्हनं. साखळी हिसकून लांब फेकली, सायबाच्या गचांडीला धरून त्येला वड्यात ढकलला. ढकलताना तिचा तोल गेला, म्हनून डावा हात धोंड्यावर टेकवला. त्याच टायमाला वीज पडली.

सायब चिखलातनं उठला तवा धोंडा दोन झाला हुता आन चिरंतनं पानी येत हुतं. हौसा उभीच हुती. हात धोंड्यावर. हात काडला तर पंजा दगडात उमटलेला, आन तिच्या हाताला साधा फोड बी न्हाई. पर कान गेलं. दोन्ही. त्या दिसापास्नं तिला मेंढराचं बें बी ऐकू आलं न्हाई.

सायब तीन दिस तंबूतनं भायेर आला न्हाई, असं सांगत्यात. चौथ्या दिशी गाव गोळा केलं आन शिपायाच्या तोंडनं बोलला. "आमच्या मुलखात पूर्वी विजंचा एक देव हुता. माज्या नावाचा अर्थ त्या देवाचा धोंडा. माज्या बापानं ते नाव मला फुकट दिलं. हिनं ते कमवलं. आजपास्नं हे हिचं. म्या परत लावनार न्हाई." आन त्येनं नुसत्या आडनावावर जल्म काडला म्हनं. थडग्यावर बी पयल्या नावाची जागा कोरी सोडलीया म्हनत्यात. कुनी बघून आलंय का? न्हाई. पर सांगत्यात.

गाव तिला थरस्टनबाय म्हनाया लागलं. आन जे नाव समद्या गावाच्या तोंडात, ते तिनं एकदा बी ऐकलं न्हाई. मंग हाक कशी मारायची? काठी भुईवर तीनदा आपटायची. तिला तळपायातनं कळायचं, ती वळायची.

आता त्यो बिरू. सख्खा भाऊ, पर पोटात कोळसा पेटल्याला. मानूस कुठनं बी येऊ दे, इचारनार, थरस्टनबाय कुठं हाय? ह्येला कोन इचारतंय? ह्यो हुता त्या दिशी पल्याडच्या वाडीत पत्ते कुटत. लगीन न करता ती भावाच्याच घरात ऱ्हायली, ह्येच्याच तव्यावरची भाकर खायाची, आन ह्यो तिच्या म्होरं बसून परगावच्या पावन्यांना सांगायचा, "म्या ढकलला सायबाला. ही भेली, म्हनून बहिरी झाली." ती समोर बसून हसायची. तिला वाटायचं, भाऊ आपलंच कवतिक करतोय.

धा-बारा वरीस असं चाललं. एका जत्रंत ह्यो रंगात आला आन सांगता सांगता हातवारं करून दावाया लागला. साखळी हिसकली, सायब ढकलला, डावा हात टेकवला. हातवारं तिला दिसलं. ती उठली. बिरूचं मनगट धरलं आन समद्या जत्रंसमोर त्येचा हात ह्या पंजावर दाबला. पंजा एवढासा, ह्येची बोटं दोन-दोन पेरं भायेर. ती मागं सरली आन काठी तीनदा भुईवर आपटली. ती जित्ती हुती तवर बिरूनं परत ती गोष्ट सांगितली न्हाई.

म्हनून आमच्यात थरस्टन नाव कानात सांगत न्हाईत. कुर्रर्र न्हाई. बाराव्या दिशी मूल हितं आनायचं, त्येचा डावा पंजा ह्या पंजात ठेवायचा, आन आत्यानं धोंड्यावर काठी तीनदा मारायची. नाव हातातनं आत जातं.

मायाप्पा सांगतोय, पयला थरस्टन बिरू, म्हनून हे बाप्याचं नाव. आरं, बिरूचं कान धडधाकट हुतं! त्येच्यासाठी नाव हातात द्यायची गरज कुनाला पडली हुती? ह्येचं उत्तर दे म्हनावं, मंग माज्याशी बोल.

तिच्या मागनं सा थरस्टन झालं. साच्या सा बाप्ये. ती गेली तशी बिरूच्या पोरांनी बापाचीच गोष्ट पुन्ना उचलली. मधी पोरी पयल्या जल्मल्या, त्यांना वगळून नाव पोराला दिलं. आमी समदी त्या बिरूचीच पैदास, मी बी. हे मला कवा आठवलं? नात झाली तवा. खोटं कशाला बोलू?

मायाप्पाचा बाप, माजा चुलतभाऊ, त्यो सावा थरस्टन. आमी एकाच दिशी जल्मलो. मी कोंबडं आरवताना, त्यो सूर्य डोक्यावर आल्यावर. पर माजी आई म्हायेरी हुती, आन सांगावा घिऊन निघालेला मानूस वड्याला पानी आलं म्हनून बारा दिस पल्याड बिड्या फुकत बसला. त्यो पोचला तवर ह्येच्यासाठी धोंड्यावर काठी वाजून गेल्याली. मला ठेवलं धोंडीराम. म्हंजे धोंडा माजा, वीज त्येची.

सत्तर वर्सं, भाऊसाहेब. जत्रंला चिरंतनं पयली घागर थरस्टननं भरायची, आन ती त्येच्या डोक्यावर चढवायला मी. वर मला म्हनायचा, "धोंड्या, तू बी दगडच की, मंग जळतोस कशाला?" समदी हसायची. चैतात त्यो गेला. म्या रडलो. पर रडता रडता मोजत हुतो, भावकीत कुनाच्या सुनंला कितवा म्हैना. माज्या सुनंला आठवा. मायाप्पाच्या सुनंला सावा.

आता तर नावाचं पेव फुटलंय. पल्याडच्या वाडीत तीन थरस्टन. शर्यतीचा एक बैल थरस्टन. फाट्यावर थरस्टन रसवंती. गेल्या साली एक गोरं जोडपं आलतं, त्यास्नी मास्तरानं इचारलं. म्हनाले, आमच्याकडं आडनाव म्हनून घावतं, पोराचं नाव म्हनून कोन ठेवत न्हाई. तिकडं दुर्मीळ आन हितं बैलाला! खुशाल ठेवा. त्यांच्या कानात सांगितलंय. हातात एकाच्याच जातं.

ज्या पोरीचं नाव अडलंय, ती माजी नात. आज धा दिसाची हाय. मायाप्पा म्हनतोय, माज्या सुनंला पोरगाच हुनार, तवर नाव राखून ठेवा. ह्येला काय आभाळातनं सांगावा आलाय?

माजा हात बगा. हितं ठेवतो. न्हाई बसत. तरना हुतो तवा गुपचूप कितीदा येऊन ठेवून बघितला, कवाच बसला न्हाई. चुलतभावाचा बी बसत नव्हता, म्या बघितलंय. सातातली सा जनं ह्या पंजाला मोठीच पडली आसनार. आजबी चिरंतनं पानी येतंय, आजबी पंजा तेवढाच हाय, आन त्यात बसंल असा हात दोनशे वर्सांत पयल्यांदा माज्या घरात आलाय. आज नखाएवढा हाय. वाढंल.

परवा बारावा दिस. माजी लेक काठी घिऊन येनार हाय. तुमी बी यायचं. पर त्येच्या आदी ती पिशवी उगडा, जल्माचं रजिस्टर काडा. हितंच, धोंड्यावर ठेवून. मायाप्पाला काय सांगायचं ते मी सांगतो.

मुलगी. नाव थरस्टन. लिवा.