शेजारच्या विस्तवाची कहाणी

ऐक विस्तवमाई, तुझी कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत घट्ट धरा, मध्येच उठू नका. पुतळाबाई, जावेकडं पाठ करून बसू नका, ही कहाणी तुमच्यासाठीच आहे.

आटपाट नगर होतं. नगरात दोन घरं होती, एक वरचं, एक खालचं. मध्ये एवढीशी भिंत, पण ती ओलांडायची कुणाची छाती नव्हती. वरच्या घरी आवडाबाई नांदत होती, खालच्या घरी भिवराबाई. आवडाबाईला एकुलती लेक येसू, भिवराबाईला एकुलता लेक हैबती.

वैर पुढं झालं, त्याच्या आधीची गोष्ट. आवडाबाईची सासू मरायला टेकली. तिनं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "आवडे, एक वसा देते, घेतेस का?" "काय वसा, सासूबाई?" "सांगेन, पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." मग सासू म्हणाली, "श्रावणातल्या तिसऱ्या शुक्रवारी चूल विझवावी, सारवावी. नवं खापर घ्यावं. ज्या घराशी बोलणं नाही, त्या घरी जावं. दारात उभं राहावं, ‘बाई गं, विस्तव दे’ म्हणावं. त्या विस्तवावर खीर रांधावी, सगळ्यांना वाढावी." इतकं बोलून म्हातारीनं डोळे मिटले.

मग शिमगा आला. होळीला पहिला विस्तव कुणी लावायचा यावरून दोन्ही घरचे पुरुष भांडले. काठ्या निघाल्या, डोकी फुटली. त्या दिवसापासून वरचे खालच्यांचं पाणी पिईनात, खालचे वरच्यांच्या सावलीला उभे राहीनात.

श्रावण आला, तिसरा शुक्रवार आला. आवडाबाई उंबऱ्यापर्यंत गेली आणि थबकली. "त्या भिवरीच्या दारात मी हात पसरू? त्यापरीस जीव गेलेला बरा!" मग तिनं काय केलं? चूल विझवायच्या आधी एक निखारा काढला, सुगडात घातला, वर राख लोटली, आणि सुगड पडवीतल्या शेणींआड दडवलं. चूल विझवली, सारवली, देवळात गेली. आल्यावर त्याच निखाऱ्यावर चूल पेटवायची, खीर रांधायची, वसा झाला म्हणायचं! हसू नका गं. आपल्यातल्या किती जणी असं करतात, ते विस्तवमाईला ठाऊक आहे.

येसूनं हे पाहिलं. तिला आजीचे शब्द आठवले. तिनं परसातलं नवं खापर घेतलं, खालच्या घराच्या मागच्या दारी गेली. भिवराबाई देवळात गेलेली, चुलीपाशी हैबती. येसू म्हणाली, "विस्तव दे." त्यानं दिला. तिनं वर पाहिलं नाही. घरी आली, सुगडातला निखारा पाण्यात विझवला, आणलेला त्यात घातला. आई आली, खीर रांधली. आईला पत्ता नाही, वसा मात्र पुरा झाला.

दुसऱ्या वर्षी तेच. येसू म्हणाली, "विस्तव दे." हैबती म्हणाला, "थांब, हात भाजेल. खाली राख घालून देतो." तेव्हा तिनं वर पाहिलं. तिसऱ्या वर्षी हैबती म्हणाला, "दर वर्षी विस्तव नेतेस. एकदा इथंच चूल पेटव की." येसूचं तोंड लाल झालं. म्हणाली, "मग चोरून कशाला? आईला सांग, मला मागणी घाल."

हैबतीनं आईला सांगितलं. भिवराबाई कडाडली, "वरच्यांची पोर? आधी मला विहिरीत ढकल!" तिचा आवाज भिंतीवरून वरच्या घरी आला. आवडाबाईनं ऐकलं, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्यानं डोंगरापलीकडची सोयरीक ठरवली. आवडाबाईनं येसूला आतल्या कोठीत घातलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली.

तों चौथ्या वर्षीचा शुक्रवार आला. येसू आतून म्हणाली, "आई, कवाड उघड. आज वशाचा दिवस, मला विस्तव आणू दे." "नाही उघडत." येसू म्हणाली, "आई, कवाड उघड. तीन वर्षं तुझा वसा मी केलाय. तुझा निखारा विझवून त्यांचा आणून ठेवलाय." "अस्सं! म्हणजे तिथंच जमलं होय तुमचं? मेले, नाही उघडत!" येसू म्हणाली, "आई, कवाड उघड. खीर रांध, मला एक घास दे, मग जन्मभर कोंड." आवडाबाईचा जीव आत तुटला. किल्लीवर हात गेला. पण लोक काय म्हणतील, भिवरी हसेल, हे मनात आलं आणि हात मागं आला. येसूच्या हाती तिनं नवं खापर दिलं, खिडकीच्या गजांतून. "घे, बस पूजा करत त्याची." आणि निखारा सुगडात घातला, सुगड शेणींआड दडवलं, देवळात गेली.

आज तो निखारा विझवायला कुणी नव्हतं. वारा सुटला. राख उडाली, शेण्या धुमसल्या, पडवी पेटली, आढ्यापर्यंत जाळ गेला. देवळात ओरड ऐकू आली, "वरचं घर पेटलं!" आवडाबाई धावत सुटली. हातातलं ताट पडलं, डोईचा पदर पडला. किल्ली कमरेला, लेक कोठीत! भिंतीपलीकडं खालचे पुरुष भरल्या घागरी घेऊन उभे, पण भिंत ओलांडेना कुणी. एकटा हैबती कुऱ्हाड घेऊन भिंतीवरून उडी मारून गेला. कवाड फुटल्याचा आवाज आवडाबाईनं कानांनी ऐकला. ती उंबऱ्याशी पोचली आणि आढं खाली आलं.

आग निवली. लोक आत गेले आणि जागीच थबकले. दोघं शेजारी शेजारी बसलेली. अंगावर भाजल्याचा डाग नाही, श्वासही नाही. येसूच्या मांडीवर खापर, खापरात एक निखारा, लालबुंद जिवंत. हात जोडा बायांनो.

एवढं झालं तरी अक्कल आली का? नाही आली. मसणात वरच्यांनी वेगळी चिता रचली, खालच्यांनी वेगळी. शेण्या लावल्या, पेटेनात. तूप ओतलं, पेटेना. कापूर ठेवला, तोही पेटेना. तेवढ्यात बायका वेशीपर्यंत धावत आल्या, तिथूनच ओरडल्या, "नगरातल्या सगळ्या चुली विझल्या हो! देवापुढचा दिवासुद्धा!" पुरुषांच्या माना खाली गेल्या.

मग जळल्या घराच्या अंगणात एक म्हातारी सवाष्ण आली. कपाळभर कुंकू, पाय राखेनं माखलेले. आवडाबाईनं ओळखलं, ही तर विस्तवमाई! पायांवर लोळण घेतली. "माई, माझी लेक का नेलीस?" माई म्हणाली, "मी कुणाला न्यायला आले नव्हते. चुलीत ठेवली तर मी रांधते, दडवली तर जाळते. मला दुसरं काही येत नाही." "लेक परत दे." "ते माझ्या हाती नाही. तुझा वसा तेवढा राहिलाय."

आवडाबाई उठली. येसूच्या मांडीवरून काढून ठेवलेलं खापर उचललं, अनवाणी निघाली. खालच्या घराच्या पुढच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "बाई गं, विस्तव दे." भिवराबाई दारात आली. रडून रडून आवाज बसलेला. म्हणाली, "आवडे, माझी चूल गार आहे गं. जो आहे तो तुझ्याच हातात आहे." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

बायका मसणात जात नाहीत. त्या दोघी गेल्या, कुणी अडवलं नाही. दोन चितांची एक करवली. होळीला पहिला हात कुणाचा म्हणून जे वैर झालं, त्या वैराच्या शेवटाला दोघींनी एका खापराला दोन हात लावून विस्तव दिला. चिता पेटली, आणि त्याच क्षणी नगरातल्या चुली पेटल्या, देवापुढचे दिवे लागले. म्हातारी कुठं गेली, कुणाला दिसलं नाही.

भिंत पाडली. दर श्रावणात आवडाबाई खापर घेऊन जाई, भिवराबाई खाली राख घालून विस्तव देई. खीर होई, दोन पानं जास्त वाढली जात. त्या पानांकडं पाहत दोघी म्हाताऱ्या झाल्या.

आवडाबाईला जी अक्कल लेक गमावून आली, ती तुम्हांआम्हांला लेकी घरात असताना येवो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं आली, विस्तवमाईच्या पायीं सुफळ झाली. टाका अक्षता. पुतळाबाई, खापर उचला, तुमच्या जावेची चूल पेटलेली आहे.