रोग्याच्या तोंडचे शब्द

“त्या खोलीत तुमचं काय बोलणं झालं, तेवढं सांगा अप्पा. बाकी मला काही नको.”

मल्लय्याअप्पांनी मान वर केली नाही. खलात सुंठ कुटत होते, कुटत राहिले.

विचारणारे होते डॉक्टर यशवंत कारखानीस. कैलासवासी डॉक्टर उकिडव्यांचे पट्टशिष्य. निदान त्यांचा स्वतःचा तसा समज. गुरूचं चरित्र लिहायला घेतलं होतं. जुन्या सहकाऱ्यांकडून पत्रं मागवून, कुणाच्या घरी खेटे घालून, पिशवीभर आठवणी गोळा केल्या होत्या. आता राहिले होते एकटे अप्पा.

अप्पा मठाचे वैद्य. मठाच्या लांबलचक ओसरीच्या एका टोकाला त्यांचं औषधालय, दुसऱ्या टोकाला उकिडव्यांचा दवाखाना. दोघांचं जन्मभर विळ्या-भोपळ्याएवढं सख्य. यानं नाडी धरावी, त्यानं तिकडून खो-खो हसावं. आणि तरी शेवटच्या संध्याकाळी उकिडव्यांनी उशाशी बसलेल्या यशवंताला बाहेर घालवलं आणि अप्पांना बोलावून घेतलं. दार लागलं. उघडलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

ते दार यशवंताच्या मनात अजून लागलेलंच होतं. सेवा आपण करावी आणि शेवटचा शब्द वैऱ्यानं ऐकावा, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

“आधी पिशवीतलं वाच की,” अप्पा म्हणाले.

यशवंतानं वरचा कागद काढला. घसा साफ केला.

“‘डॉक्टरसाहेब म्हणजे शिस्त आणि करुणा यांचा सुरेख संगम होते.’”

“हे कुणाचं?”

“दवाखान्यातल्या रेबेका सिस्टरांचं.”

बत्ता थांबला.

“आपली रेबेका? साळव्यांची? संगम म्हणाली ती?”

“भाव तोच आहे. शब्द मी जरा नीट केले.”

“बाकीच्यांचे?”

“... सगळ्यांचेच.”

अप्पांनी हात पुसला. पिशवी जवळ ओढली, तिच्यावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटून बसले, रोग्यापुढं बसतात तसे.

“हे काय चाललंय?”

“नाडी लागत नाही...” अप्पा म्हणाले.

यशवंत उसळला.

“थट्टा पुरे झाली, अप्पा! गाव त्यांना काय म्हणायचं, ठाऊक आहे ना? तिरसट. माणूसघाणा. तोंडावर खरं बोलणारा माणूस या गावाला जिवंतपणी नको होता आणि मेल्यावरही नको आहे. आज मठाचे विश्वस्त पुस्तक काढतायत. पहिल्यांदा चारचौघांत त्यांना कुणी चांगलं म्हणणार. आणि त्यात मी लोकांनी त्यांना दिलेल्या शिव्या छापू? मुळीच नाही छापणार! माझ्या गुरूला बोल लागू देणार नाही मी.”

राग खोटा नव्हता.

अप्पा शांतपणे म्हणाले, “ती म्हातारी आठवते? पोटात घागर घासणारी?”

यशवंताला न आठवायला काय झालं! तो नुकताच दवाखान्यात लागला होता. म्हातारी म्हणाली होती, ‘पोटात कुणीतरी रिकामी घागर राखेनं घासतंय, बाबा.’ यानं केसपेपरवर लिहिलं, ‘पोटदुखी’. उकिडव्यांनी भर ओसरीवर तो कागद टरकावला. ‘पोट तिचं, दुखणं तिचं, मग शब्द तुझे कसे? जा, ती काय म्हणाली ते लिहून आण.’ त्यांच्या दवाखान्याचा तो कायदाच होता. रोग्याच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही.

“ते रोग्यांचं झालं,” यशवंत पुटपुटला. “हे चरित्र आहे.”

“रेबेका काय म्हणाली?”

यशवंतानं हातातला कागद पुन्हा वर धरला.

“तिच्या तोंडचं सांग.”

यशवंतानं जमिनीकडे पाहिलं. मग सूड उगवावा तसा घडाघडा बोलला.

“म्हणाल्या, ‘कसाई होता तुमचा डॉक्टर! भाजलेलं पोर आलं वॉर्डात. मला रडू फुटलं, तर माझ्यावरच खेकसला. आधी ड्रेसिंग कर, म्हणाला. मग रड. मी पण येतो.’”

“आला होता?”

“‘आला की,’ म्हणाल्या. ‘मागच्या पायरीवर. माझ्याआधी येऊन बसला होता.’”

“... आणि तू लिहिलंस संगम,” अप्पा म्हणाले.

यशवंतानं पेन काढलं. ‘सुरेख संगम’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. मग आणखी एक, इतकी जोरात, की कागद फाटला.

“विश्वस्त छापणार नाहीत हे,” तो म्हणाला.

“मग?”

“मग मी छापीन! कसाईसकट छापीन. गावाला खपो, न खपो. बघतोच कोण अडवतो ते!”

अप्पांनी खल बाजूला सारला. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“घे कोरा कागद. लिही. दामू उकिडवे माझा वैरी होता.”

यशवंताचं पेन अडखळलं.

“लिही. माझ्या तोंडचे शब्द आहेत.”

यशवंतानं लिहिलं.

“त्या दिवशी त्यानं हात पुढं केला. जन्मभर माझ्या नाडीला हसणारा माणूस. मी बोटं ठेवली. म्हटलं, दाम्या, सकाळ दिसत नाही तुला.”

“आणि ते?”

“हसला. म्हणाला, ‘मल्ल्या, आयुष्यात पहिल्यांदा तुझं निदान बरोबर आलं.’”

यशवंताला हसू आलं. एवढ्यावर त्यानं उठायला हवं होतं. पण ज्यासाठी तो आला होता, ते अजून विचारायचंच होतं. पुस्तकाचं नुसतं निमित्त होतं.

“अप्पा... मला बाहेर का काढलं?”

अप्पा दवाखान्याच्या बंद दाराकडे बघत राहिले.

“मी विचारलं ते. म्हटलं, पोर दारात उभं आहे, त्याला का घालवलंस? म्हणाला, ‘बसू दे जरा. बरे व्हाल, बरे व्हाल म्हणत सकाळपासून खोटं बोलतोय. दमला असेल.’”

यशवंताचं पेन थांबलं. अक्षरं दिसेनाशी झाली. कागदावर टपकन थेंब पडला, शाई पसरली.

अप्पांनी कागद सरळ करून त्याच्यापुढं सरकवला.

“आधी लिही,” ते म्हणाले. “मग रड... मी पण येतो.”