यल्लूचा बांध

करंजतळे या गावात तळे नाही. माणदेशातल्या कुठल्याही माळावर असते तशीच इथे खुरटी बाभूळ, कुसळे आणि मेंढरांच्या वाटा आहेत. मात्र गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधोमध, घडीव दगडांचा एक जुना बांध आडवा उभा आहे. त्याच्या मध्यावर बैलगाडी सहज जाईल एवढे भगदाड आहे. पावसाळ्यात ओढ्याला येणारे पाणी त्या भगदाडातून निघून जाते आणि खालची बाजरी करपते, तरी ते कोणी बुजवत नाही. एकदा दुरुस्तीची योजना मंजूर होऊन आली होती. गावातल्या बायकांनीच ती माघारी पाठवली.

मागच्या वैशाखात सिनेमाची माणसे जागा पाहायला आली. मुले पळवणाऱ्या हडळीवर त्यांचा सिनेमा होता. ऋता नावाची तरुण बाई तो करणार होती. तिला बांध फार आवडला. तिने आपल्या हडळीचे रंगवलेले चित्र सर्वांना दाखवले. उलटे पाय, मोकळे केस, हातभर नखे, आणि ती पाळण्यावर वाकलेली. गावात सर्वांत वडीलधाऱ्या हौसाआक्का गळवे. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिले.

"एवढ्या नखांनी ही भाकरी कशी थापती गं?" आक्का म्हणाल्या.

बायका हसल्या. ऋताही हसली. "आक्का, हडळ आहे ती. पाळण्यातली मुलं ओढून नेते."

"मग ती आमची न्हवं. आमची वढत न्हाई. तिच्याकडनं तरी कुणी वढून नेलं हुतं?"

मग त्या बांधाजवळच्या करंजाखाली बसल्या आणि त्यांनी जे सांगितले ते असे.

फार पूर्वी या भागात लागोपाठ दुष्काळ पडले. तेव्हाच्या पाटलाने ओढा अडवायचे ठरवले. दगड फोडायला पालावरची माणसे बोलावली. माती टाकायला गावच्या बायका येत. त्या बांधावर रांग धरून उभ्या राहत आणि मातीची पाटी हातोहात पुढे देत. एकीने घ्यायची, वळायचे, दुसरीला द्यायची. पाटी कुठून आली आणि कुठे रिकामी झाली, हे मधल्या बाईला दिसतही नसे.

बांध काही टिकेना. दर पावसाळ्यात तो एकाच जागी फुटे. शेवटी पाटलाने भगताला विचारले. भगत म्हणाला, या जागेला मूल हवे आहे. पण हिसकावलेले चालणार नाही. आईने आपल्या हाताने दिले पाहिजे.

गावातली कोणती आई देणार? पाटलाची बायको चिमाबाई हुशार होती. दगडफोड्यांत यल्लू नावाची एक बाई होती. ती नुकतीच बाळंत झाली होती आणि तिचा नवरा सुरुंगात मेला होता. चिमाबाई स्वतः तिच्या पालावर गेली, म्हणे. सोबत खोबरे, खारीक आणि बाळाच्या डोक्यावर घालायला नवे कुंचडे नेले.

"बाळाचं बारसं केलंस का, बाई?"

"आमास्नी कसलं बारसं, पाटलीणबाई? मी हाक मारती, तेच नाव."

"असं कसं? आमच्या बांधावर जन्मला, आमचाच हाय तो. आम्ही करतो बारसं."

यल्लू रडली, असे सांगतात. त्या गावात तिला तोवर कोणी उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते.

बारशाला आपल्याकडे बायका पाळण्याच्या वरून-खालून बाळ एकमेकींना देतात आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' असे म्हणतात. यल्लूला ते ठाऊक नव्हते. चिमाबाईने सांगितले की आमच्यात बारसे बांधावर होते आणि सगळ्या गावाने बाळाला हात लावायचा असतो. बायका रोजच्यासारख्या रांगेने उभ्या राहिल्या. यल्लू एका टोकाला होती. तिने कुंचडे नीट केले, बाळाचा पापा घेतला आणि पहिल्या बाईच्या हातात त्याला दिले. "घ्या," ती म्हणाली.

बाळ रांगेने पुढे गेले. बांधाला मध्ये बाक आहे, त्यापलीकडचे यल्लूला दिसेना. तिथे खड्डा तयार होता आणि रांगेच्या शेवटी चिमाबाई होती. वरून दगड बसवेपर्यंत टाळ-झांजा वाजत होत्या.

यल्लूने पहिलीला विचारले, "माझं लेकरू?" ती म्हणाली, मी पुढे दिले. दुसरी म्हणाली, मी पुढे दिले. रांगेतली प्रत्येक बाई तेच म्हणाली, आणि कोणीच खोटे बोलत नव्हती. यल्लू बांधाच्या मध्यावर आली. ताज्या दगडावर तिने कोपरापर्यंत हात सोलून निघेतो खणले. तिथेच ती गेली. जाताना ती एवढेच म्हणाली, म्हणे: "हातोहात नेलंसा. मीबी हातोहातच नीन."

बांध टिकला. तळे भरले. ऊस लागला.

पहिले मूल गेले ते भर दुपारी, लग्नाच्या मांडवात. रांगेतल्या पहिल्या बाईने आपला नातू सुनेकडे दिला. सून म्हणाली, माझ्याकडे आलाच नाही. सासू म्हणाली, तुझ्याच हातात दिला. तुझे हात मातीने भरलेले होते, म्हणून मी तुला बोललेसुद्धा. सुनेचे हात स्वच्छ होते.

मग दुसरीच्या घरचे गेले. मग तिसरीच्या. विहिरीवर, जत्रेत, अंगणात. देणारीच्या आणि घेणारीच्या मध्ये क्षणभर आणखी दोन हात यायचे. यल्लूने रांग चुकवली नाही. ज्या क्रमाने तिचे बाळ गेले त्याच क्रमाने ती येत होती. शेवटचे घर पाटलाचे.

चिमाबाईला हे सर्वांआधी समजले. तिला एकच नातू होता. तिने तो कोणाच्या हातात द्यायचे बंद केले. सुनेलाही देईना. आई पान्हा कोंडून दाराबाहेर बसे आणि आजी बाळाला गाईचे दूध बोटाने पाजी. मूल वाळत चालले. यल्लूला काहीच करावे लागत नव्हते.

एके दिवशी सून पदर पसरून म्हणाली, "आत्याबाई, द्या त्याला. तुमच्या मांडीवर मरंल तो."

चिमाबाईने नातू उचलला, पहार घेतली आणि ती बांधाकडे चालू लागली. सगळा गाव मागे धावला. पाटील ओरडला, "बांध फुटला तर ऊस जाईल, गाव मरंल!"

"गावानं बी पुढं दिलं हुतं," ती म्हणाली. "मरू दे."

पण पहार मारायला दोन्ही हात मोकळे हवेत. बांधाच्या मध्यावर ती थांबली. शेजारी सून आली आणि तिने हात पुढे केले. चिमाबाई बाळाला देणारच होती. तेवढ्यात तिला दिसले, सून अजून खाली काठावर धापा टाकत उभी होती. पुढे आलेले हात कोपरापर्यंत सोललेले होते.

तिने ते हात किती वेळ पाहिले कोण जाणे. मग ती वाकली आणि तिने बाळाला उघड्या मातीवर ठेवले.

हात तसेच पुढे राहिले. दिलेलेच घ्यायचे, एवढाच यल्लूचा हट्ट होता. धापा टाकत सून वर आली, तिने मातीवरून लेकरू उचलले आणि ती काठाकडे पळाली. चिमाबाईने पहिली पहार मारली. दगड सुटले तशी ती पाण्याबरोबर खाली गेली. कोणी हात दिला नाही. काहीजण सांगतात, दोन हात पुढे आले होते, पण तिने ते धरले नाहीत.

"मग यल्लू शांत झाली?" ऋताने विचारले.

"कशानं हुईल? पाणी गेलं, त्याबरोबर तिच्या लेकराचं हाडूकबी गेलं. तिला काय मिळालं?"

तेवढ्यात आक्कांची नातसून आपल्या मुलीला कडेवर घेऊन चहा सांगायला आली. ऋताने सहज दोन्ही हात पुढे केले. "इकडे दे ना, किती गोड आहे!"

नातसुनेने तिच्या हातांकडे आधी नीट पाहिले. करंजतळ्यात आजही बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात नाही. बारशालाही नाही आणि दवाखान्याच्या गाडीत बसतानाही नाही. तिने मुलीला मातीवर ठेवले आणि ती दोन पावले मागे सरकली.

ऋता खाली बसली आणि मुलीच्या दोन्ही बाजूंची जमीन न्याहाळू लागली.

"उचल की," आक्का म्हणाल्या. "आता उचलायला हरकत न्हाई. पण परत देताना ध्यानात ठेव."